एकेकानं उठा!

घरात आगगाडीचं मॉडेल आहे असं कळलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न, "चालते का?" आणि 'हो' म्हणायचा अवकाश, की दुसरा, "मग चालू करा ना!" पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्याला पाच खटके लागतात, आणि ते कोणत्या क्रमानं दाबले यावर माझी नातेवाइकांतली पत ठरते.

एरवी हा पसारा आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या बंदिस्त गॅलरीत असतो. गणपतीत तो मखरासमोर येतो. मखराला शोभा म्हणून गाडी मांडली आहे, असं घरच्यांचं मत. गाडीला शोभा म्हणून मखर बांधलं आहे, असं माझं. बाप्पा दोन्ही बाजू ऐकून घेतात.

मांडणी एचओ मापाची, म्हणजे १:८७. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हा आकडा जरा ध्यानात ठेवा, पुढे त्यावरून तमाशा व्हायचा आहे. एक गोल मुख्य मार्ग, त्याला पाच साइडिंग, म्हणजे गाड्या उभ्या करायचे बाजूचे फाटे, आणि प्रत्येक साइडिंगवर एक इंजिन. साइडिंगच्या तोंडाशी एका रुळाला बारीक करवतीनं छेद दिलाय, त्यात प्लास्टिकचा जोड बसवलाय. पलीकडच्या तुकड्यात वीज जाणार ती खटक्यातूनच. खटका बंद, तर इंजिन ढिम्म.

हे खटके मुळात जुन्या डीसी पद्धतीतले. तेव्हा रेग्युलेटर फिरवला की रुळांत शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत वीज चढायची आणि रुळांवर जे कोणी उभं असेल ते निघायचं. दोन इंजिनं उभी असली तर दोन्ही. म्हणून एकाला पळवायचं तर बाकीच्यांची वीज तोडून ठेवणं आलं. कटकटीचं होतं खरं, पण मुंबईच्या लोकलनंही १९२५ पासून २०१६ पर्यंत डीसीवरच दिवस काढले. तेव्हा त्या पद्धतीला माझ्यासमोर कुणी नावं ठेवू नयेत.

मग घरात डीसीसी आलं. डिजिटल कमांड कंट्रोल! जर्मनीतल्या लेन्झ कंपनीनं काढलेली ही पद्धत, १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं तिला प्रमाण मानलं. यात रुळांत कायम पंधराएक व्होल्ट असतात, विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटापालटीतच इंजिनांना निरोप दिलेले असतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात ते निरोप वाचणारा डिकोडर, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. (खोक्यातून येताना सगळ्यांचा पत्ता ३ असतो. वेगळं बिऱ्हाड नंतर आपण करून द्यायचं.) ज्याचा निरोप त्यालाच पोचतो, बाकीची जागच्या जागी उभी. सोबतच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, 'फक्त दोन तारा जोडा.' खटके इतिहासजमा.

दोन तारांवर एक इंजिन झकास चालतं. दोनही चालतात. तिसऱ्या-चौथ्यापासून रंग बदलतो, त्यातून आवाज काढणारी इंजिनं असली तर विचारूच नका. रुळांवरच्या धुळीनं वीज क्षणभर तुटली तरी इंजिन अडखळू नये, म्हणून त्यांच्या पोटात कपॅसिटर, म्हणजे विजेचा छोटासा साठा, घातलेला असतो. हेतू उत्तम. पण रुळांत वीज आली की हा रिकामा कपॅसिटर एकदम इतकी ओढ घेतो, की रुळांना वीज पुरवणाऱ्या माझ्या ३ अँपिअरच्या बूस्टरला वाटतं शॉर्ट सर्किट झालं. भूक कुठली आणि अपघात कुठला, हे त्याला कळत नाही. पंगत बसल्याबसल्या पन्नास पानांवरून 'भात! भात!' असा गजर व्हावा आणि वाढपी एकटाच असावा, तर तो पातेलं खाली ठेवून जसा बाहेर वाऱ्याला जाऊन उभा राहील, तसा आमचा बूस्टर जातो. जरा दमानं स्वतःच परत येतो. पंगत तीच, गजर तोच. पुन्हा बाहेर.

तेव्हा खटके परत आले. पूर्वी सगळी एकदम पळू नयेत म्हणून होते, आता सगळी एकदम उठू नयेत म्हणून आहेत.

उठवण्याचा विधी असा. आधी वीज बंद ठेवून दोन्ही रुळांना मल्टिमीटर लावायचा. बीप वाजली तर कुठेतरी काहीतरी आडवं पडलंय. आमच्याकडे ते बहुधा तोरणाची टाचणी असते. मग पाचही खटके बंद आहेत ना, मुख्य मार्ग मोकळा आहे ना, हे बघायचं. एखादं इंजिन साइडिंगच्या छेदावर अर्धं आत, अर्धं बाहेर तर उभं नाही ना, हे तर वाकून बघायचं. इंजिन पुढच्या चाकांनीही वीज घेतं आणि मागच्याही. छेदावर उभं असलं की वीज त्याच्या पोटातून पलीकडे जाते आणि खटका नुसता नावाला उरतो. शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक पत्त्याचा वेग शून्यावर हवा. कंट्रोलर मोठा मानी आहे, एकदा दिलेला हुकूम तो पुन्हापुन्हा रुळांत सोडत राहतो. 'अर्धा वेग' सांगून ठेवलेल्या इंजिनाचा खटका दाबला, की ते डोळे चोळत उठत नाही, थेट निघतं. साइडिंग दीड फुटाची. पुढे बफर, म्हणजे रूळ संपतात तिथला अडसर. बफरच्या पुढे उकडीच्या मोदकांचं ताट.

हे सगळं झालं की एक नंबरचा खटका. थांबायचं. दोन नंबर. थांबायचं. बिनआवाजाची आधी, आवाजवाली शेवटी. याला विजेचं काही कारण नाही, डिझेल एकदा घरघरायला लागलं की त्यापुढे माझं कुणी ऐकत नाही, एवढंच. सगळा कारभार मिनिटाभराचा. पण ज्या घरात दिव्याचं बटण दाबलं की दिवा लागतो, तिथे मिनिटभर काहीही न होणं सहन करायची कुणाची तयारी नसते.

"अहो, लावा ना पटकन, आत्यांना बदलापूर पकडायचीय," आतून आवाज येतो.

"लावतोय. दुसरं उठलंय."

"बंद पडलं वाटतं," आत्या म्हणतात, मला लागू नये एवढ्या हळू आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मेहुणे आयटीत आहेत. ते पॅनलवर वाकून म्हणतात, "भाऊजी, याचं एक मास्टर स्विच का नाही करत? एकदम पाचही." मी त्यांना कपॅसिटर समजावतो. ते मान डोलावतात आणि म्हणतात, "हो, पण मास्टर स्विच?"

यंदा पाचही उठली होती. डिझेल घुमत होतं, एक गाडी मखराला वळसा घालत होती, आत्यांनी चक्क "छान" म्हटलं होतं. तेवढ्यात धाकट्या भाच्यानं आरतीच्या तबकातला रुपया उचलून रुळांवर ठेवला. चपटा होतो का बघायला. रुपया साधारण २२ मिलिमीटरचा, रुळांमधलं अंतर १६.५. नाणं दोन्ही रुळांवर ऐसपैस बसलं आणि सगळं चिडीचूप झालं.

ओरडाआरड सुरू झाली, पण मी पोराची पाठ थोपटली. नाणं आडवं ठेवून बघणं ही या छंदातली मान्यताप्राप्त चाचणी आहे. रुळांवर कुठेही नाणं ठेवा, वीज ताबडतोब तुटली पाहिजे. तुटली नाही तर तारा बारीक आहेत असं समजायचं, आणि जाड घालायच्या. नाहीतर एखाद्या दिवशी घसरलेल्या गाडीची वर्दी जळक्या प्लास्टिकचा वास देतो. आमची वीज तुटली. तारा पास. भाचा मात्र नाराज, कारण नाणं होतं तसंच राहिलं.

नाणं उचललं. पाचही खटके चालू, पाचही पोटं रिकामी. बूस्टर आला आणि गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाचही खटके बंद केले.

"पहिल्यापासून?" आत्या.

"पहिल्यापासून."

या सबंध गर्दीत शांत बसलेले एकटे नाना, आमच्या शेजारचे निवृत्त मोटरमन. ते खुर्ची ओढून पॅनलपाशी आले. "बरोबर करतायत ते," आत्यांना म्हणाले, "न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वरच्या तारेत वीज नसलेला तुकडा, आला की आम्हीही वीज तोडायचो. भरलेली गाडी तशीच घरंगळत पुढे न्यायची, बोर्ड दिसला की मग पुन्हा घ्यायची. मध्ये घाई केली तर सगळी लाइन बसते." मेहुण्यांनी मास्टर स्विचचा विषय तिथेच सोडला. मला इतकं भरून आलं की मी पॅनल नानांच्या ताब्यात दिलं.

नानांनी चष्मा पुसला, पाचही खटके बोटानं चाचपले, चाकं कुठे आहेत ते वाकून बघितलं. मी बघतो त्याच्या दुप्पट वेळ बघितलं. मग एक नंबर दाबला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"नाना, माझी बदलापूर जाईल हो," आत्या म्हणाल्या.

"गेली ती," नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले. "पुढची आहे वीस मिनिटांनी. बसा, तोवर चौथं उठेल."