बॅम्बर ब्रिज राहिलं

ब्रिटिशांना अमेरिकन बडबडे, पैसा मिरवणारे वाटतात आणि अमेरिकनांना ब्रिटिश शिष्ट, हे तुमच्या लेखात म्हटलंय ते पटलं, पण दुसऱ्या महायुद्धाचा भाग राहिलाच ना. १९४२ मध्ये ब्रिटनला जाणाऱ्या सैनिकांना अमेरिकेने पुस्तिकाच दिलेली, की तिथला माणूस गप्प बसला म्हणजे तो तुटक वागतोय असं नाही आणि पगाराचा रुबाब दाखवू नका (ब्रिटिश सैनिकाला खूपच कमी मिळायचे, राग येणारच की). आणि १९४३ चं बॅम्बर ब्रिज कसं विसरलात? इंग्लंडमधल्या लँकेशरच्या त्या गावात अमेरिकन अधिकाऱ्यांनी पबमध्ये वर्णभेद पाळा म्हटल्यावर पबवाल्यांनी ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावल्या! पुढे काळ्या अमेरिकन सैनिकांची अमेरिकन मिलिटरी पोलिसांशी चकमक होऊन एक काळा सैनिक मारला गेला. यावर सविस्तर लिहाच प्लीज.