हिऱ्याची पूड, एचआयव्हीची पट्टी आणि तुमचे तीन आक्षेप

नमस्कार. एचआयव्ही शोधणाऱ्या कागदी पट्टीत नॅनोहिरे, म्हणजे हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण, वापरण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्यामुळे दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पीसीआर (विषाणूच्या जनुकीय पदार्थाच्या प्रती वाढवून तो शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) असताना हा खटाटोप कशाला? चाचणी जास्त संवेदनशील केली की निरोगी माणसंही पॉझिटिव्ह निघणार. आणि हिरे वापरून म्हणे स्वस्त चाचणी, ही थट्टाच!

हिऱ्यांचं आधी उरकतो. हे दागिन्यांतले हिरे नव्हेत. कारखान्यात बनवलेल्या हिऱ्याची ही पूड, घासकामाला वापरतात त्याच जातीची, आणि एका पट्टीला ती नखभरही लागत नाही. खर्च खरा आहे तो पट्टी वाचणाऱ्या यंत्राचा. तिथे बोट ठेवलं असतंत तर मी गप्प बसलो असतो.

आता दुसरा आक्षेप, कारण खरी गंमत तिथे आहे. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत उमटते ती रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. ज्यांचा शोध घ्यायचा ते रेणू या कणांना रेघेवर धरून ठेवतात; ते फारच कमी असले की रेघ डोळ्यांना दिसत नाही. मग चमकणारे कण वापरा, असं कुणीही म्हणेल. पण प्रकाश टाकला की पट्टीचा कागद (नायट्रोसेल्युलोज) स्वतःच चमकतो आणि त्या उजेडात दोन-चार कण हरवतात. कण आणखी तेजस्वी केला तरी हा गोंधळ पुरता मिटत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रेचल मॅकेन्ड्री यांच्या गटाने 2020 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलेली युक्ती वेगळी आहे. हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, असा दोष असला की हिरवा प्रकाश टाकल्यावर तो कण लाल चमकतो. त्यावर 2.87 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी सोडल्या की चमक किंचित मंदावते. लहरी ठरावीक तालात चालू-बंद करायच्या आणि त्या तालात लुकलुकणारा प्रकाश तेवढाच मोजायचा. कागदाला लहरींचं सोयरसुतक नाही, त्यामुळे त्याची चमक हिशोबातून आपोआप गळते.

म्हणजे चुकीच्या पॉझिटिव्हचं एक कारण इथे कमीच होतं. दुसरं मात्र उरतं: रेणू नसतानाही एखादा कण रेघेवर चिकटून बसला, तर तोही तितक्याच इमानाने लुकलुकणार. त्याला उपाय कणावरच्या लेपाचा, पट्टी नीट धुण्याचा आणि निकाल दुसऱ्या चाचणीने पडताळण्याचा. आपल्याकडे आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) लक्षणं नसलेल्या माणसाचं एचआयव्हीचं निदान तीन वेगवेगळ्या किटांशिवाय पक्कं धरत नाहीतच.

‘एक रेणूसुद्धा सापडतो’ या बातम्यांवर तुम्ही वैतागलात, ते रास्त आहे. त्या शोधनिबंधातली मर्यादा 8.2 × 10⁻¹⁹ मोलर (लिटरमागे रेणू किती, हे सांगणारं एकक). गुणाकार केला तर दर दोन मायक्रोलिटरला साधारण एक रेणू, म्हणजे 50 मायक्रोलिटरच्या थेंबात 25च्या आसपास. सोन्याच्या कणांपेक्षा हे लाखपट सरस, पण ते बायोटिन-अ‍ॅव्हिडिन या घट्ट चिकटणाऱ्या जोडीवर मोजलेलं, रुग्णाच्या रक्तावर नव्हे. आणि तुम्ही घेतलेल्या थेंबात रेणूच आला नसेल, तर कितीही भारी यंत्र आणा, हाती भोपळाच.

राहिला पीसीआर. एचआयव्हीबाधित आईच्या बाळात तिच्या अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून अँटीबॉडी शोधणारी नेहमीची पट्टी तिथे कामाची नाही. विषाणूचा आरएनए किंवा डीएनए, म्हणजे त्याचा जनुकीय पदार्थच, शोधावा लागतो. त्यासाठी सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताचे थेंब कागदावर सुकवून दूरच्या प्रयोगशाळेत पीसीआरसाठी पाठवतात, आणि घरचे निकालाची वाट बघत बसतात. नॅनोहिऱ्यांच्या पद्धतीत आरएनएची एकच प्रतही सापडली, तीही एकाच तापमानाला 10 मिनिटांत प्रती वाढवून. पीसीआरसारखं पुन्हा पुन्हा तापवणं-थंड करणं नाही. मात्र रुग्णाच्या प्लाझ्मावर (पेशी वगळून उरलेल्या रक्तद्रवावर) ते दाखवलं ते एकाच नमुन्यात, आणि त्यातून आरएनए आधी वेगळा काढावा लागला. हा काढण्याचा टप्पा दवाखान्यातल्या टेबलावर नर्सला जमेल इतका सोपा होत नाही, तोवर पीसीआर हटवायची भाषा मीही करणार नाही.