एलएम ३९३ उडालेली नाही, काढू नका

इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीसाठी ‘बॅटरी लो’चं छोटं सर्किट जोडणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. लाल एलईडी मंद जळतोय, बझर किरकिरतोय, म्हणजे त्यातली एलएम ३९३ ही आयसी (दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर) उडाली. त्याच सॉकेटात एलएम ३५८ बसवा, पिना सारख्याच आहेत. आणि बझर थेट आउटपुटला जोडा, ट्रान्झिस्टर कशाला? यातलं एकच खरं आहे: पिना सारख्या आहेत.

नेहमीचं सर्किट असं. पिन २ वर ५.६ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड). पिन ३ वर दहा-दहा किलोओहमच्या जोडीने निम्मं केलेलं बॅटरीचं व्होल्टेज. बॅटरी ११.२ च्या खाली गेली की पिन १ ग्राउंडला खेचली जाते, लाल एलईडी लागतो, बीसी ५५७ हा ट्रान्झिस्टर चालू होऊन बझर वाजतो.

किरकिर नेमकी ११.२ च्या आसपासच येते ना? मग आयसी ठणठणीत आहे. इन्व्हर्टर बॅटरीतून करंट सलग ओढत नाही. आउटपुट ५० हर्ट्झ असेल तर सेकंदाला १०० हिसके बसतात. त्या हिसक्यांबरोबर पिन ३ झेनरच्या वर-खाली होते आणि कंपॅरेटर दर वेळी इमानेइतबारे पलटतो. बझर घरघरतो, एलईडी अर्धा वेळच लागत असल्यामुळे मंद दिसतो. नवी कोरी ३९३ घातली तरी हेच होणार. (बदलल्यावर ‘बरं झालं’ म्हणणारे भेटतात, सोल्डरिंग उरकेपर्यंत बॅटरी चार्ज झालेली असते.) इथे हवा हिस्टेरेसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टेजमध्ये मुद्दाम ठेवलेलं अंतर: पिन १ ते पिन ३ मध्ये २२० किलोओहम, पिन १ ते बॅटरीचा प्लस १० किलोओहम. मग बझर ११ च्या आसपास सुरू होतो आणि बॅटरी साडेअकराच्या जवळ जाईपर्यंत थांबत नाही. मधल्या हिसक्यांनी त्याला फरक पडत नाही. तरीही घरघर राहिलीच तर पिन ३ ते ग्राउंड एक कपॅसिटर टाका.

३५८ बसवलीत तर दुखणं वाढतं. ती ऑपॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आयसी आहे, तिचं आउटपुट प्लसच्या दीडेक व्होल्ट खालीच अडकतं. बॅटरी भरलेली असतानाही बीसी ५५७ च्या बेसला तेवढा फरक पुरतो. तो अर्धवट उघडा राहतो आणि बझर दबक्या आवाजात कुरकुरत बसतो. उलटी अदलाबदलही फसते. ३५८ साठी काढलेल्या सर्किटात हिरवा एलईडी आउटपुट ते ग्राउंड असतो; तिथे ३९३ घातली की तो लागतच नाही, कारण ३९३ चं आउटपुट ‘ओपन कलेक्टर’ आहे; ते फक्त खाली खेचतं, करंट पुरवत नाही.

थेट बझरचं तर विचारूच नका. ३९३ च्या डेटाशीटमध्ये आउटपुट खेचू शकेल त्या करंटची हमी ६ मिलिअँपिअरची, आणि १२ व्होल्टचे साधे बझर ३० च्या घरात मागतात. आउटपुट मध्येच लटकतं, आवाज मरतो, आणि खापर पुन्हा आयसीवर.

आयसी खरंच गेलीय का, हे मल्टिमीटर सांगेल. एलईडी आणि बझरच्या वायरी सोडवा, १० किलोओहम राहू द्या, काळा प्रोब पिन ४ वर ठेवा. पिन ८ वर बॅटरीचं व्होल्टेज दिसलं पाहिजे. बॅटरी भरलेली असताना पिन १ जवळपास तेवढीच वर हवी. पिन ३ ग्राउंडला टेकवली की पिन १ ०.४ व्होल्टच्या खाली यायला हवी. पिन ८ वर व्होल्टेज असूनही पिन १ च्या या दोनपैकी एखादी गोष्ट घडली नाही, तरच आयसी काढा, आणि तिच्या जागी ३९३ च घाला.