मोटर बंद कोण करणार?

आज पुन्हा तेच! नळ आले, नातवाने मोटर लावली आणि मोबाइल घेऊन बसला. सून डब्यांच्या गडबडीत, मुलगा अंघोळीला. वर टाकी भरून धो धो वाहतेय, आणि घरात कुणाला त्याचं काही नाही. कठड्याला धरत, एकेक पायरी करत मी गच्चीवर पोचेपर्यंत जुन्या लुगड्यावर घातलेल्या साबुदाण्याच्या चकल्यांचा पार लगदा झालेला. पहाटे चारला उठून शिजवला होता तो साबुदाणा!

चकल्यांचं जाऊ दे, पुन्हा घालीन. पाण्याचं काय? आमच्याकडे इंदूरला नळ एक दिवसाआड येतात. ते पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी विंध्याचा चढ चढवून. नर्मदा शहरात आली १९७८ मध्ये. त्याआधीच्या उन्हाळ्यांत रामबागेत मी सासूबाईंबरोबर हंडा-कळशी घेऊन रांगेत उभी राहिलेय. एका कळशीत सगळ्यांची तोंडं धुवायची, उरलेलं तुळशीला. त्या हातांना हे वाहतं पाणी बघवत नाही हो!

मोटर लावली की तिथून हलायचं नाही, हे दर वेळी सांगते. 'हो आजी' म्हणतात. आता मोबाइलवर अलार्म लावतात. तो वाजला की बंद करतात, पण अलार्म! मोटर चालूच.

परवा नळ येतील तेव्हा बटणाखाली खुर्ची टाकून मीच बसणार आहे.