वन शॉट, वन शॉट, वन शॉट!

अरे काय लावलंय काय हे! दहावीचं आख्खं विज्ञान भाग १, दहाच्या दहा धडे, एका रात्रीत, एका व्हिडिओत, आणि तोही टू एक्सवर, म्हणजे दुप्पट वेगाने. म्हणजे प्रकाशाचं अपवर्तन प्रकाशाच्याच वेगाने उरकायचं! थंबनेलवर तोंड वासलेले सर, खाली लाल अक्षरात 'हेच येणार'. पहिली पाच मिनिटं लाईक करा, बेल दाबा, मित्रांनो घाबरू नका. कोण घाबरलंय? पुस्तक उघडलं असेल तर घाबरेल ना!

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट पडलीयेत, त्यावर क्यूआर कोडसुद्धा छापलेत, पण नाही, पोरांना आयएमपी, म्हणजे 'हमखास येणारे' प्रश्नच पाहिजेत. आवर्तसारणीत गण कुठला आणि आवर्त कुठलं विचारा, उत्तर काय तर "ते स्किप करायला सांगितलंय सरांनी". कुठले सर रे? शाळेतले सर समोर घसा फोडतायत त्यांचं काय?

आणि आईबाप खूश, मोबाईलवर का होईना पोरगं अभ्यास करतंय.

प्रयोगवही तर बघूच नका. रीडिंगसुद्धा चॅनलवरून उतरवलेली, आख्ख्या वर्गाच्या भिंगांचं नाभीय अंतर दशांशापर्यंत सारखं! एकाच दुकानातली भिंगं असतील, नाही का?