कारखाना सुधारला, आता उसाच्या पाण्याचं बघा

साखर कारखाना म्हटलं की अजून अनेकांना काळे पडलेले ओढे आणि मळीचा वास आठवतो. साहजिक आहे, ऊसपट्ट्यातल्या गावांनी ते वर्षानुवर्षं भोगलंय. पण ज्यांनी अलीकडे एखादा चांगला कारखाना आतून पाहिला नसेल, त्यांनी या हंगामात जरूर पाहावा.

गव्हाणीत एक टन ऊस पडला की साखर निघते साधारण शंभर-एकशे दहा किलो. पण त्याच उसातून पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, चाळीसेक किलो मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक आणि जवळपास तेवढाच प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळही निघतो. पूर्वी कमी दाबाच्या बॉयलरमध्ये बगॅस जाळून कारखाना कसाबसा चालायचा. आता चौरस सेंटिमीटरला 67 किंवा 110 किलो दाबाचे बॉयलर आलेत. तेवढ्याच बगॅसवर कारखाना चालतो आणि त्यातून तयार होणारी उरलेली वीज सार्वजनिक वीजजाळ्याला, म्हणजे ग्रीडला विकता येते.

सगळ्यात अवघड दुखणं होतं मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलरीच्या सांडपाण्याचं, म्हणजे स्पेंटवॉशचं. एक लिटर अल्कोहोलमागे दहा लिटरच्या आसपास हे काळं, आम्लयुक्त पाणी निघतं. ते ओढ्यात गेलं की मासे मेलेच. आता ते आटवून दाट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते आणि मागे राहिलेल्या राखेतलं पोटॅश खत म्हणून शेतात परत जातं. भारताला पोटॅश जवळजवळ सगळं आयात करावं लागतं, हे लक्षात घेतलं की या राखेची किंमत कळते. मला हे तंत्रज्ञान पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलपेक्षाही मोलाचं वाटतं. अर्थात यंत्रणा बसवली म्हणजे ती रोज चालते असं नाही, तिथे प्रदूषण मंडळाचा धाक हवाच.

आणि पाणी! उसाचं सत्तर टक्के वजन पाण्याचंच. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून, शुद्ध करून वापरली तर कारखान्याला नदीचं पाणी जवळपास लागतच नाही.

मग अडलंय कुठे? शेतात. कारखाना थेंब थेंब वाचवतोय आणि त्याच कारखान्याचा ऊस बारा-पंधरा महिने पाटाच्या मोकाट पाण्यावर उभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात या अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून, खारं पाणी बाहेर काढून त्यातल्या काही पुन्हा पिकाखाली आणाव्या लागल्या. ठिबकने चाळीस-पन्नास टक्के पाणी वाचतं, खतही मुळाशी जातं. 2017 मध्ये राज्य सरकारने काही सिंचन प्रकल्पांवर उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं, पण नुसत्या सक्तीने हे होणार नाही. ज्याला रात्री दोनला वीज मिळते तो शेतकरी मोटर सुरू करून पाणी मोकळं सोडणार, दुसरं काय करणार?

माझं म्हणणं असं की हे काम कारखान्यांनीच हातात घ्यावं. शेतकऱ्याला सगळ्यात जास्त काळजी असते ती तोड वेळेवर येण्याची. ठिबकवरच्या उसाला तोडणीत अग्रक्रम द्या. ठिबकचे हप्ते दोन-तीन हंगामांच्या ऊसबिलातून कापून घ्या, व्याजाचा भार कारखान्याने उचलावा. सभासदांनीही वार्षिक सभेत फक्त दरावर न बोलता हा विषय लावून धरावा.