मुदत पाळणारा गद्दार कसा?

ट्रान्सफरचा, म्हणजे फुटबॉलपटूंनी क्लब बदलायचा, मोसम आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: "पूर्वीचे फुटबॉलपटू जर्सीसाठी खेळायचे, आताचे पैशासाठी. क्लब त्यांना घडवतो, कुटुंबासारखा सांभाळतो आणि हे करार मुद्दाम संपू देऊन फुकटात निघून जातात. शेवटच्या वर्षी तर मनापासून खेळतही नाहीत. ही गद्दारीच." खाली दोन याद्या. एकीकडे एकाच क्लबात राहिलेले, रोमाचा तोत्ती आणि मिलानचा माल्दिनी; दुसरीकडे करार संपवून गेलेले, पॅरिसचा एम्बाप्पे आणि लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड.

वाचायला बरं वाटतं, म्हणून लोक पुढे ढकलतात. मीही एकेकाळी ढकललाय. पण त्यातलं एकेक वाक्य सुटं करून पाहिलं की फारच थोडं हाती उरतं.

पहिलं वाक्य: पूर्वीचे खेळाडू निष्ठेने एकाच क्लबात राहायचे.

राहायचे, हे खरं. त्यांना जाताच येत नव्हतं, हे मात्र त्या मजकुरात कुणी लिहीत नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून अशी पद्धत होती की खेळाडूचा करार वर्षभराचा असला, तरी त्याची नोंदणी क्लबच्या ताब्यात. वर्ष संपलं, पगार थांबला, तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. वर पगारावर कमाल मर्यादा. 1901 साली आठवड्याला 4 पौंड आणि साठ वर्षांनी, 1961 च्या सुरुवातीला ती मर्यादा उठली तेव्हा, 20 पौंड. सगळीकडे कमाल पगार तोच असताना आणि दार बाहेरून बंद असताना घरात बसलेल्याला घरावर किती प्रेम आहे हे कसं ओळखणार?

टॉम फिनीचं उदाहरण बघा. प्रेस्टनचा हा थोर विंगर अख्खी कारकीर्द एकाच क्लबकडून खेळला आणि जोडीला प्लंबिंगचा धंदा करत राहिला. निष्ठावंतांच्या यादीत त्याचं नाव असतंच. 1952 साली इटलीतल्या पालेर्मोने त्याच्यापुढे नुसत्या सहीसाठी 10,000 पौंड ठेवले होते. वर पगार, बंगला, मोटार. फिनी विचार करायला तयार होता. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नाही म्हटलं आणि विषय संपला. फिनीचं प्रेस्टनवर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही, नक्कीच होतं. पण त्या निर्णयात ते प्रेम कामी आलं नाही, नोंदणीचा कागद आला.

दार जरा किलकिलं झालं तेव्हा काय घडलं, तेही बघण्यासारखं आहे. 1948 साली अर्जेंटिनात खेळाडूंचा संप झाला. त्याच सुमारास कोलंबियातली लीग फिफाच्या बाहेर होती, म्हणजे तिथले क्लब मूळ क्लबला एक छदामही न देता खेळाडू उचलू शकत होते. आल्फ्रेदो दी स्तेफानो, आदोल्फो पेदेर्नेरा, नेस्तोर रोस्सी असे एकापेक्षा एक खेळाडू बोगोताच्या मिल्योनारिओसकडे गेले. 1950 साली इंग्लंडचा मधल्या फळीतला बचावपटू नील फ्रँकलिनही स्टोक सोडून बोगोतालाच पोहोचला. तो काही आठवड्यांत परतला, बंदी सोसली आणि इंग्लंडकडून पुन्हा कधी खेळला नाही. तोच तो निष्ठेचा सुवर्णकाळ, बरं का.

ही पद्धत मोडली ती खेळाडूंनी कोर्टात जाऊन. न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम करार संपल्यावर जायचं म्हणाला, क्लबने अडवलं. तो फुटबॉल सोडून कॉर्क विकायच्या नोकरीला लागला. अखेर क्लबने त्याला आर्सेनलला दिलं, तरी त्याने खटला मागे घेतला नाही. 1963 साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की असं अडवून ठेवणं ही माणसाच्या रोजगारावरची गैरवाजवी बंधनं आहेत. तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबकडून फी मागायची रीत चालूच राहिली. ती मोडायला बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमान यावा लागला. 1990 साली त्याचा लिएज या क्लबशी असलेला करार संपला. क्लबने नव्या करारात पगार जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आणला आणि फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं म्हटल्यावर फी मागितली. बदली फिसकटली. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या, करार संपलेल्या खेळाडूसाठी फी मागता येणार नाही. तोवर बोसमानची ऐन उमेदीची वर्षं निघून गेली होती. आज 'फुकट गेला' म्हणून ज्यांना शिव्या बसतात, ते सगळे या माणसाने उघडलेल्या दारातून गेलेत.

आता तो 'फुकट' शब्द. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे.

ट्रान्सफर फी म्हणजे माणसाची किंमत, असा समज आपल्या डोक्यात बसलाय. ती असते उरलेल्या मुदतीची भरपाई. साध्या नोकरदाराला महिना-दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं, फुटबॉलपटूला येत नाही. तो ठरलेल्या तारखेपर्यंत बांधलेला असतो. त्याआधी कुणाला तो हवा असेल, तर उरलेल्या काळाचे पैसे पहिल्या क्लबला द्यायचे. मुदतच संपली, तर भरपाई कशाची? भाडेकरार संपल्यावर भाडेकरू निघाला तर त्याने घरमालकाला लुटलं, असं कुणी म्हणत नाही.

अलेक्झांडर-अरनॉल्डच्या बाबतीत तर हे पैशांतच दिसलं. लिव्हरपूलशी त्याचा करार 30 जून 2025 पर्यंत होता. रिअल माद्रिदला तो जूनमधल्या क्लब वर्ल्ड कपसाठी हवा होता, म्हणून मुदतीतले शेवटचे काही आठवडे सोडवायला माद्रिदने पैसे मोजले. बातम्यांमधला आकडा सुमारे 1 कोटी युरोंचा होता. काही आठवड्यांचे एवढे! माद्रिद जुलैपर्यंत थांबतं तर हेही द्यावे लागले नसते.

आणि कराराची शेवटची तारीख क्लबला सहीच्या दिवसापासून माहीत असते. खेळाडू कोपऱ्यात लपून 'मुद्दाम' काही संपवत नाही. फिफाचा नियम सांगतो की शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडूने दुसऱ्या क्लबशी बोलणी करायला हरकत नाही. क्लबला पैसे हवे असतील तर वर्षभर आधी विकावं, खेळाडू हवा असेल तर वेळेत नवा करार पुढे ठेवावा. दोन्ही न जमल्यावर खापर खेळाडूवर फोडणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

"पण क्लबने त्याला घडवलं ना!" घडवलं. त्याची सोय नियमांत आहे. तरुण खेळाडूच्या बाबतीत प्रशिक्षण देणाऱ्या क्लबला भरपाई मिळते. शिवाय करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशात विकला गेला, तर 12 ते 23 या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांमध्ये फीचा 5 टक्के हिस्सा वाटला जातो. ही रक्कम लहान क्लबांसाठी अपुरी आहे, असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावीन. पण लिव्हरपूलसारख्या क्लबने घडवण्याचा हिशेब मांडताना दुसरी बाजूही मांडावी. सहाव्या वर्षी आलेल्या अलेक्झांडर-अरनॉल्डने 354 सामने खेळून दिले, युरोपचं विजेतेपद आणि लीगची दोन विजेतेपदं मिळवण्यात वाटा उचलला. त्यातलं दुसरं विजेतेपद हातात असतानाच, मे 2025 मध्ये, आर्सेनलविरुद्ध तो मैदानात उतरला तेव्हा स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

'शेवटच्या वर्षी मनापासून खेळत नाहीत' याला उत्तर द्यायला फार शब्द लागत नाहीत. रॉबर्ट लेवांडोव्स्की डॉर्टमुंडचा करार संपवून बायर्नला जाणार, हे 2013-14 च्या मोसमात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मोसमात तो 20 गोल करून बुंडेसलीगाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. करार वाढवणार नाही म्हटल्यावर पॅरिसच्या क्लबने 2023 साली एम्बाप्पेला जपानच्या दौऱ्यातून वगळलं. परत घेतल्यावर त्याने शेवटच्या मोसमात सगळ्या स्पर्धा मिळून 44 गोल केले. नव्या करारासाठी किंवा नव्या क्लबसाठी का होईना, शेवटच्या वर्षात आळस परवडत नाही.

मग येतं ते 'कुटुंब'.

इटलीतल्या युव्हेंटसच्या देल पिएरोबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण निष्ठा हा शब्द कुणाला शोभत असेल तर त्याला. 2006 साली सामन्यांच्या पंचनेमणुकीच्या घोटाळ्यात युव्हेंटसची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली. इब्राहिमोविच, व्हिएरा, कानाव्हारो, थुराम असे एकेक निघून गेले. देल पिएरो आणि बुफोन थांबले. देल पिएरो विश्वविजेता होता, तरी सेरी बी या दुसऱ्या श्रेणीच्या मैदानांवर खेळला, तिथे 20 गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि क्लबला वर आणलं. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 2011 मध्ये, क्लबचे अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्ली यांनी भागधारकांच्या सभेत जाहीर केलं की हा त्याचा शेवटचा मोसम. भागधारकांच्या सभेत! 705 सामने आणि 290 गोल करणाऱ्या माणसाचा निरोप ताळेबंदाच्या शेजारी बसवला. गरज सरो, वैद्य मरो.

इकेर कासियास नवव्या वर्षी रिअल माद्रिदमध्ये आला, पहिल्या संघाकडून 725 सामने खेळला. जुलै 2015 मध्ये पत्रकारांसमोर एकटा बसून, रडत त्याने निरोप घेतला. शेजारी क्लबचं कुणी नव्हतं. ओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी घाईघाईने दुसरा समारंभ उरकला. 2020 साली बार्सिलोनाला लुईस सुआरेझ नकोसा झाला. तो आतलेतिको माद्रिदला गेला आणि त्याच मोसमात 21 गोल करून त्यांना लीग जिंकून दिली. मेस्सीची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. 2021 साली तो निम्म्या पगारावर राहायला तयार होता, असं त्याने स्वतः सांगितलं. पण बार्सिलोनाची आर्थिक घडीच अशी विस्कटली होती की लीगच्या नियमांत त्याची नोंदणी बसेना.

यांतल्या प्रत्येक निर्णयामागे क्लबची कारणं होती, काही पटण्यासारखीही होती. वय, पगार, नव्या प्रशिक्षकाची योजना. हिशेबाला माझी ना नाही. क्लबने हिशेब केला की ते व्यवस्थापन आणि खेळाडूने केला की लोभ, एवढंच मला कळत नाही.

लोभाचा विषय निघालाच आहे तर विन्स्टन बोगार्ड. हा डच बचावपटू ऑगस्ट 2000 मध्ये चेल्सीत आला, चार वर्षांचा करार, पगार आठवड्याला सुमारे 40,000 पौंड. काही दिवसांतच प्रशिक्षक व्हिआली यांची हकालपट्टी झाली, नव्यांना बोगार्ड नको होता. त्याने निघून जावं म्हणून बराच दबाव आला. तो रोज सरावाला येत राहिला, लीगमध्ये अवघे 9 सामने खेळला आणि 2004 साली मुदत संपल्यावर गेला. आजतागायत त्याचं नाव फुकटखाऊंच्या यादीत पहिलं. म्हणजे मुदत संपवून निघालेला अलेक्झांडर-अरनॉल्ड गद्दार आणि मुदत संपेपर्यंत न हललेला बोगार्ड लोभी. मग खेळाडूने नेमकं करायचं काय? क्लबला सोयीचं असेल त्या दिवशी जावं, बहुतेक.

निष्ठावंतांच्या त्या यादीबद्दलही दोन शब्द. माल्दिनीच्या काळात मिलानने पाच वेळा युरोप जिंकला. थांबून त्याचं काही बुडालं नाही, हे त्याचं भाग्य आणि त्याचं कर्तृत्वही. तोत्तीने मात्र खरंच मोठमोठ्या करंडकांवर पाणी सोडलं, त्याला मानलं पाहिजे. पण सुमारे 900 सामन्यांनंतर, मे 2009 मध्ये, माल्दिनी सान सीरो या घरच्या मैदानावर शेवटचा खेळला तेव्हा त्याच्याच क्लबच्या कट्टर चाहत्यांपैकी काहींनी शिट्ट्या मारून त्याला हिणवलं. आयुष्यभर थांबूनही हे चुकत नाही.

त्या मजकुरातलं एक मात्र मला मान्य आहे. खेळाडू चुकतच नाहीत असं नाही. सोल कॅम्पबेल टॉटनहॅम सोडणार नाही असं म्हणाला होता आणि 2001 साली करार संपवून थेट कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला गेला. लोकांचा राग त्या शब्दावर होता आणि तो समजण्यासारखा आहे. त्याहून गंभीर म्हणजे करार चालू असताना खेळायला नकार देणं. अलेक्झांडर इसाकचा न्यूकॅसलशी करार 2028 पर्यंत होता. 2025 च्या उन्हाळ्यात तो संघापासून दूर राहिला, एकही सामना खेळला नाही आणि 1 सप्टेंबरला 12.5 कोटी पौंडांना विकला गेला. करार मोडण्याचा आरोप करायचाच तर तो इथे लागू पडतो. त्याला घेणारा क्लब कोणता? लिव्हरपूल. मे महिन्यात मुदत पाळून निघालेल्या घरच्या पोराची हुर्यो उडाली, सप्टेंबरात मुदत न पाळणाऱ्या पाहुण्याचं जंगी स्वागत. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

राहिला 'गेला म्हणजे प्रेम खोटंच होतं' हा सूर. अर्जेंटिनाचा गाब्रिएल बातिस्तुता इटलीतल्या फिओरेंतिना क्लबात नऊ वर्षं होता. 1993 साली संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाही थांबला आणि त्याला वर आणलं. चाहत्यांनी त्याचा पुतळा उभारला. लीगचं विजेतेपद काही मिळेना, म्हणून 2000 साली, एकतिसाव्या वर्षी, तो रोमाला गेला. त्याच नोव्हेंबरात दोन्ही संघ समोरासमोर आले. सामना बरोबरीत चालला होता, शेवटची काही मिनिटं उरली होती आणि बातिस्तुताने लांबून व्हॉली मारली. गोल. रोमाने सामना 1-0 ने जिंकला. सहकारी धावत येऊन गळ्यात पडले आणि तो त्या घोळक्यात रडत होता. मोसमाअखेरीस त्याला हवं असलेलं विजेतेपद मिळालं. वर्षभराने, 2002 च्या उन्हाळ्यात, फिओरेंतिना हा क्लबच दिवाळखोरीत बुडाला आणि त्याला नव्या नावाने चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली.